पणजोबांच्या मृत्यूची जुनी नोंद: कुठे शोधायची, कशी वाचायची

श्राद्धात वडील, आजोबा आणि पणजोबा अशी तीन पिढ्यांची नावं घेतात. बहुतेक घरांतली माहितीही तिथेच संपते. चौथं नाव विचारलं की ते आठवतं एखाद्या आत्याला किंवा चुलत आजोबांना, आणि तेही 'बहुतेक' लावून. त्यापलीकडे जायचं असेल तर कागदाकडे वळावं लागतं. नव्याने शोध घेणाऱ्याने सुरुवात मृत्यूच्या नोंदीपासून करावी असं मी सांगेन, जन्माच्या नाही.

त्याचं कारण साधं आहे. जन्माची नोंद अनेकदा बारशाआधीच व्हायची, त्यामुळे तिथे बाळाचं नाव नसतं. 'मुलगा' किंवा 'मुलगी' आणि बापाचं नाव, एवढंच. मृत्यूच्या नोंदीत माणूस नावानिशी येतो. सोबत बापाचं किंवा नवऱ्याचं नाव, जात, वय, मृत्यूचं कारण आणि खबर देणाऱ्याचं नाव येऊ शकतं. शिवाय कोण कधी वारलं याची आठवण घरात उरते. कोण कधी जन्मलं हे जुन्या काळी फारसं कुणी लक्षात ठेवत नसे.

आधी घरातली माणसं, मग कचेरी

तहसीलला जाण्यापूर्वी वर्षाचा अंदाज हवाच. 'पणजोबा कधीतरी वारले' एवढ्यावर कुठलाही कारकून नोंदवही काढून देणार नाही, आणि त्यात त्याची चूकही नाही. एका गावाच्या पन्नास वर्षांच्या वह्या म्हणजे फडक्यात बांधलेले गठ्ठेच्या गठ्ठे असतात.

घरातल्या ज्येष्ठांना 'साल कोणतं?' असं विचारू नका. 'तेव्हा काय चाललं होतं?' असं विचारा. 'प्लेगात गेले' म्हणाले तर १८९६ नंतरची वर्षं बघायची. मुंबईत प्लेग १८९६ च्या सप्टेंबरात उघडकीला आला आणि पुढची बरीच वर्षं गावोगाव परतून येत राहिला. 'मानमोडीत गेली' म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएंझाची साथ. 'पानशेत फुटलं त्या वर्षी' म्हणजे १९६१, 'कोयनेचा भूकंप झाला तेव्हा' म्हणजे डिसेंबर १९६७, 'मोठ्या दुष्काळात' म्हणजे बहुधा १९७२. 'तेव्हा तुमचे वडील शाळेत जात होते का? आत्याचं लग्न झालं होतं का?' या प्रश्नांनी अंदाज आणखी आवळता येतो.

दुसरा प्रश्न श्राद्धाचा. वार्षिक श्राद्ध मृत्यूच्या तिथीला घालतात आणि पितृपक्षात म्हाळ घालायचा तोही सहसा त्याच तिथीला. म्हणजे घरात सालाचा पत्ता नसला तरी महिना, पक्ष आणि तिथी शंभर वर्षं जपलेली असू शकते. 'आमच्यात श्रावण वद्य पंचमीला आजोबांचं असतं' एवढ्यावर नोंदवहीतला शोध बारा महिन्यांवरून एका महिन्यावर येतो. भाद्रपद वद्य नवमीला, म्हणजे अविधवा नवमीला, जिचं पान वाढतात ती बाई नवरा जिवंत असताना गेलेली. पितृपक्षातल्या चतुर्दशीला कुणाचं करत असतील तर मृत्यू अपघाती किंवा शस्त्राने झाला असण्याचा संभव धरा. सर्वपित्री अमावस्येवरून मात्र काही ठरवू नका. तिथी ठाऊक नसलेल्या सगळ्यांचं त्या दिवशी असतं.

तिसरा आधार नावांचा. आजोबा वारल्यावर जन्मलेल्या पहिल्या नातवाला त्यांचं नाव ठेवण्याची रीत अनेक घरांत होती. तुकाराम नावाच्या नातवाचा जन्म १९२६ चा असेल आणि त्याच्या थोरल्या भावाला, १९२२ च्या, ते नाव दिलेलं नसेल, तर तुकाराम आजोबा या दोन सालांच्या मध्ये गेले असावेत. हा पुरावा नव्हे, पण कोणती वही आधी मागायची हे त्यावरून ठरवता येतं.

नोंद कोणत्या कचेरीत असेल

एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा: मृत्यू जिथे झाला तिथे नोंद होते, माणूस जिथला होता तिथे नाही. गावच्या वहीत नाव सापडलं नाही म्हणून निराश होणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचं उत्तर या एका वाक्यात असतं. कोकणातून किंवा घाटावरून गिरणीत कामाला गेलेला माणूस परळ-लालबागला वारला तर त्याची नोंद मुंबई महापालिकेच्या त्या विभागात असणार, रत्नागिरी किंवा सातारा जिल्ह्यात नाही. बाळंतपणासाठी माहेरी गेलेली बाई तिथेच गेली तर नोंद माहेरच्या गावात. सासरच्या वहीत तिचं नाव शोधून काही हाती लागत नाही.

खेड्यातल्या जुन्या नोंदी 'गाव नमुना नंबर १४' मध्ये असतात. लोक त्याला कोतवाल बुक म्हणतात. विदर्भात कोतवाल पंजी असा शब्द ऐकू येतो. गावात जन्म किंवा मृत्यू झाला की कोतवाल-पाटलांकडे खबर जायची, वहीत नोंद व्हायची आणि ती पुढे तालुक्याला जायची. या वह्या आज बहुतेक ठिकाणी तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात, म्हणजे रेकॉर्ड रूममध्ये असतात. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ चा. त्याची अंमलबजावणी १ एप्रिल १९७० पासून झाली आणि नोंदणी सगळीकडे सक्तीची झाली. त्यानंतरच्या नोंदींसाठी ग्रामपंचायत, नगरपालिका किंवा महापालिकेचा जन्म-मृत्यू विभाग गाठायचा.

अर्ज करण्याआधी त्या काळी आपलं गाव कोणत्या तालुक्यात आणि जिल्ह्यात होतं हे बघा. सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरीत होता, जालना औरंगाबादेत, लातूर १९८२ पर्यंत उस्मानाबादेत, नंदुरबार १९९८ पर्यंत धुळ्यात, पालघर २०१४ पर्यंत ठाण्यात. सांगलीचा बराचसा भाग एकेकाळी सातारा जिल्ह्यात होता, आणि कोल्हापूर तर १९४९ पर्यंत संस्थानच होतं. जिल्हा फुटला की दप्तरं हलवतात. सगळी हलतातच असं नाही. नव्या तालुक्याला 'नाही' म्हणाले तर जुन्या तालुक्याला विचारल्याशिवाय शोध सोडू नका. धरणात गेलेल्या गावाची नोंद मूळ गावाच्या नावाने शोधायची, पुनर्वसित वसाहतीच्या नाही.

मराठवाड्यात १९४८ पर्यंत निजामाचं राज्य होतं. तिथले सरकारी कागद बहुतांशी उर्दूत आणि सालं 'फसली' नावाच्या महसुली कालगणनेतली. त्या फसली सालात ५९० किंवा ५९१ मिळवले की इसवी सन येतो. फसली १३५७ म्हणजे १९४७-४८. इतरत्र शक सापडला तर ७८ मिळवा, पण जानेवारी ते गुढीपाडवा या काळातली तारीख असेल तर ७९. गोव्यात पोर्तुगीज काळातल्या नोंदी पोर्तुगीज भाषेत आहेत. त्यासाठी तालुक्याच्या सिव्हिल रजिस्ट्रार कार्यालयातून सुरुवात करावी. ख्रिस्ती घरांनी चर्चची दफन नोंदवही आणि मुस्लिम घरांनी कब्रस्तानाचं रजिस्टर बघावं.

अर्ज असा करा

कोऱ्या कागदावर नक्कल मिळण्यासाठीचा अर्ज लिहायचा, वर कोर्ट फी स्टॅम्प लावायचा. किती रुपयांचा ते त्या कचेरीत किंवा शेजारच्या सेतू केंद्रात विचारा. मजकूर गोळीबंद असू द्या:

'मौजे अमुक, तालुका अमुक येथील गाव नमुना नं. १४ (मृत्यू) मधील सन १९१६ ते १९२० या कालावधीतील, माझे पणजोबा मयत बाळा बिन राणू, आडनाव अमुक, यांच्या मृत्यूच्या नोंदीची खरी नक्कल मिळावी. नोंद शोधण्यासाठी सदर पानांची पाहणी करू द्यावी, ही विनंती.'

शेवटचं वाक्य गाळू नका. नुसती नक्कल मागितली तर तुम्ही दिलेल्या नावाची ओळ शोधली जाईल आणि नाव थोडं वेगळं असलं की 'नोंद आढळून येत नाही' असं उत्तर येईल. पान स्वतः बघितलं तर 'बाळा' म्हणून नसलेला माणूस 'बाळू' किंवा 'बाळोजी' म्हणून तुम्हाला ओळखता येतो, कारण शेजारी बापाचं नाव आणि गावातली वस्ती असते. पाहणी नाकारली तर माहिती अधिकाराचा अर्ज करता येतो. २००५ च्या त्या कायद्यात अभिलेखांची पाहणी करण्याचा हक्क स्पष्ट शब्दांत दिलेला आहे. पण त्याआधी अभिलेखपालाशी नीट बोलून बघा. जुन्या गठ्ठ्यांची माहिती त्यांच्याइतकी कुणाला नसते आणि घरच्या माणसाचा शोध घेणाऱ्याला बरेच जण मनापासून मदत करतात.

जाण्याआधी संगणकावरही बघून घ्या. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमल्यावर कुणबी नोंदींच्या शोधासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत जुनी दप्तरं उघडली गेली आणि बऱ्याच जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर गावनिहाय पानं चढवली गेली. शोध जातीच्या नोंदीसाठी झाला असला तरी त्या पानांवर कुळांचा मोठा ऐवज उघडा पडला आहे. आपलं गाव त्यात असेल तर घरबसल्या सुरुवात होते.

मोडीची भीती बाळगू नका

पश्चिम महाराष्ट्रातली आणि कोकणातली जुनी कोतवाल बुकं बहुधा मोडीत असतात. पान पहिल्यांदा समोर आलं की एक सलग रेघ आणि तिला लोंबकळणारी वळणं एवढंच दिसतं. शब्दांमध्ये जागा नाही, विरामचिन्हं नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद नाही. अख्खं पत्र वाचायला खरोखर वर्ष-दोन वर्षांचा सराव लागतो. पण नोंदवही म्हणजे पत्र नव्हे. रकाने ठरलेले आणि शब्द तेच ते. मयत, बिन, कोम, वय, ताप, तुमच्या गावाचं नाव आणि पाच-सात जातींची नावं ओळखता आली की पानाचा मोठा भाग सुटतो.

'बिन' म्हणजे अमक्याचा मुलगा, 'कोम' म्हणजे अमक्याची बायको. मुसलमान नावांत 'बिन'च्या जागी 'वलद' येतं. 'सु' किंवा 'सुमारे' वयाआधी येतं. 'मौजे' म्हणजे खेडं आणि 'कसबे' म्हणजे बाजारपेठेचं गाव.

एक युक्ती फार उपयोगी पडते. वर्षभराची वही बहुधा एकाच हाताने लिहिलेली असते. तुम्हाला आधीच ठाऊक असलेलं एखादं नाव, समजा गावच्या पाटलाचं, त्या वहीत शोधा. त्यातला 'र', 'ज', 'ण' कसा वळवला आहे ते वेगळ्या कागदावर काढून घ्या. मग गावाचं नाव घ्या. अशी दहा-बारा अक्षरं जमली की त्या कारकुनाचं वळण तुमच्या हातात आलं. त्यावरून पणजोबांचं नाव पडताळायचं.

सरकारी कामाला नक्कल हवी असेल तर लिप्यंतर जाणकाराकडूनच करून घ्या. राज्याच्या पुराभिलेख खात्याकडे आणि पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी जाणणाऱ्यांची माहिती मिळते. लिप्यंतर करून देणाऱ्याला एक ओळ कापून पाठवू नका, पूर्ण पानाचा फोटो पाठवा. एका ओळीवरून चांगला जाणकारही चुकू शकतो.

एक नोंद, सगळ्या बाजूंनी

समजा पान उघडलं आणि ही ओळ निघाली. ओळ मी नमुन्यासाठी रचली आहे, पण अशा नोंदी खऱ्या वह्यांत भेटतात:

'ता. १४ आक्टोबर १९१८. मयत काशी कोम बाळा बिन राणू. जात कुणबी. वय सुमारे २५. ताप. खबर देणार राणू बिन गोंदा, सासरा.'

नवखा माणूस इथे नाव आणि जात उतरवून घेतो आणि वही मिटतो. खरं काम इथून पुढे आहे.

पहिली मिळकत: तीन पिढ्या. काशी, तिचा नवरा बाळा, सासरा राणू आणि राणूचा बाप गोंदा. शेवटचं नाव मयताच्या रकान्यातून नाही, खबर देणाऱ्याच्या रकान्यातून जुळलं. म्हणून हा रकाना कधीही सोडू नये. खबर घरच्याने दिली असेल तर नाव आणि नातं बऱ्यापैकी भरवशाचं. कोतवालाने स्वतःच नोंदवलं असेल तर वय आणि कारण ऐकीव धरावं.

दुसरी: १९१८ च्या ऑक्टोबरात राणू जिवंत होता आणि घरचा कर्ताही बहुधा तोच. मग बाळा, म्हणजे नवरा, खबर द्यायला का आला नाही? तोही आजारी असेल, मुंबईला असेल, पहिल्या महायुद्धात पलटणीत असेल. उत्तर या ओळीत नाही, पण पुढे काय शोधायचं ते इथे कळलं. बाळाची मृत्यूची नोंद पुढच्या दोन-तीन आठवड्यांत आहे का, हे आधी बघायचं.

तिसरी: वय. 'सुमारे २५' म्हणजे पंचवीस नव्हे. जुन्या नोंदींत वयं पाच-दहाच्या पटीत येतात: २५, ३०, ४०, ६०. तरुण माणसाच्या बाबतीत चार-पाच वर्षं इकडेतिकडे धरा, साठीच्या पुढे दहाही धरा. काशीचा जन्म १८८८ ते १८९८ मधला, इतकंच म्हणायचं.

चौथी, कारण. त्या काळच्या नोंदींत मृत्यूची कारणं मोजकीच असत: पटकी, देवी, प्लेग, ताप, हगवण-अतिसार, श्वासाचे विकार, इजा आणि इतर. पटकी म्हणजे कॉलरा. पटकी, देवी आणि प्लेग गावाला ओळखता येत होते, त्यामुळे ते शब्द बरेचसे खरे मानता येतात. 'ताप' मात्र कशालाही लावलेला असे: हिवताप, विषमज्वर, क्षय, बाळंतरोग. १९१८ च्या पावसाळ्यानंतर या प्रांतात इन्फ्लुएंझाची जी लाट उसळली तिचे मृत्यूही प्रामुख्याने तापाखालीच मांडले गेले. देशभरात एक कोटीहून अधिक माणसं त्यात गेली. सगळ्यात जास्त मार बसला वीस ते चाळीसच्या वयाला, आणि त्यातही बायकांना. काशीचं वय, महिना आणि कारण तिन्ही त्याच्याशी जुळतात. तरी आत्ताच लिहून टाकू नका. आधी पान बघा.

म्हणजे त्या ओळीच्या वर-खाली बघा. एरवी ज्या गावात महिन्याला दोन-तीन मृत्यू नोंदले जात तिथे त्या ऑक्टोबरात एकाच पानावर पंधरा-वीस ओळी 'ताप' लिहिलेल्या असतील तर साथच होती. मग त्याच आडनावाची किंवा त्याच राणूची आणखी कुणी माणसं आहेत का ते शोधा. समजा अकरा दिवसांनी अशी ओळ आहे: 'मुलगी, नाव नाही, बाप बाळा बिन राणू, वय एक महिना.' आता काशी बाळंतीण होती हे कळलं. 'ताप' हा शब्द आता साथीचा की बाळंतरोगाचा, हा प्रश्न पुन्हा खुला झाला, आणि प्रामाणिकपणे तो खुलाच ठेवायचा. त्या मुलीची जन्माची नोंद सप्टेंबरच्या पानांवर शोधायची. आणि तुमचे आजोबा १९२१ चे असतील तर ते काशीचे नव्हेत. बाळाने दुसरं लग्न केलं असणार. घरात सगळ्यांना ठाऊक असलेली पणजी ती दुसरी. पहिलीचं नाव शंभर वर्षांत कुणी घेतलंही नसेल.

म्हणून नेहमी पूर्ण पान घ्या. जमलं तर पुढचं-मागचं वर्षही बघा. कुळ कळतं ते एका ओळीतून नाही, आजूबाजूच्या ओळींतून.

मुलांची नावंही अशीच बोलतात. दगडू, धोंडू, केरू ही नावं आधीची मुलं दगावल्यावर मुद्दाम ठेवली जात, वाईट नजर लागू नये म्हणून. पणजोबांचं नाव दगडू असेल तर त्यांच्या जन्माआधीच्या पाच-सहा वर्षांची मृत्यूची पानं चाळा. त्यांच्या आई-बापांची लहानगी तिथे सापडण्याची शक्यता मोठी आहे.

बायकांच्या बाबतीत एक अडचण राहते. नोंदीत सासरचं नाव येतं, माहेरचं येत नाही. ते मिळवायला घरातल्या वयस्क बायकांना विचारणं हाच खरा मार्ग आहे. मामाचं गाव कोणतं, कुळाचार कुणाकडून आला, देवक काय, ही माहिती त्यांच्याकडेच असते.

१९७० नंतरचा दाखला हाती असेल तर

हे दाखले वाचायला सोपे, पण त्यातून मिळतं कमी. नाव, लिंग, मृत्यूची तारीख आणि ठिकाण, आई आणि बाप किंवा नवऱ्याचं नाव, पत्ता, नोंदणी क्रमांक आणि नोंदणीची तारीख. मृत्यूचं कारण दाखल्यावर छापायचं नाही, असं १९६९ च्या कायद्याच्या कलम १७ मध्येच आहे, त्यामुळे त्यासाठी हुज्जत घालू नका. इथे पाहायचं ते मृत्यू आणि नोंदणी या दोन तारखांमधलं अंतर. नियम २१ दिवसांचा आहे. मृत्यू १९७४ चा आणि नोंदणी १९९८ ची असेल तर ती आदेश घेऊन, बहुधा जमिनीच्या किंवा वारसाच्या कामासाठी केलेली उशिराची नोंद. तिच्यातली मृत्यूची तारीख कुणाच्या तरी आठवणीतून आलेली असू शकते. तिची पडताळणी दुसऱ्या कागदावरून करा.

ताळा जमिनीच्या कागदावरून

शेती असलेल्या घराला सगळ्यात चांगला दुसरा कागद म्हणजे फेरफार, गाव नमुना नंबर ६. मुंबई इलाख्यात हक्कनोंदणीचा कायदा १९०३ चा. त्यानंतर खातेदार वारला की वारसांची नावं लावण्यासाठी फेरफार व्हायला लागला. 'अमुक हा अमुक तारखेस मयत, वारस मुलगे तीन' असा मजकूर त्यात मिळतो. सातबारावर जुन्या फेरफारांचे क्रमांक गोलात लिहिलेले असतात, ते टिपून घ्या आणि एकेक नक्कल मागवा. काही जिल्ह्यांचे जुने सातबारे आणि फेरफार महसूल खात्याच्या 'आपले अभिलेख' या संकेतस्थळावरही मिळतात.

दोन खुणा ओळखायला शिका. मुलाच्या नावापुढे 'अ.पा.क.' असेल तर तो अज्ञान, म्हणजे वयात न आलेला होता आणि पुढचं नाव त्याच्या पालनकर्त्याचं, बहुधा आईचं किंवा चुलत्याचं. बाप लवकर गेल्याचा हा लेखी पुरावा आहे, आणि आईचं नाव मिळण्याची एक दुर्मीळ जागाही. 'ए.कु.मॅ.' म्हणजे एकत्र कुटुंबाचा मॅनेजर: जमीन एका भावाच्या नावे दिसली तरी मागे बाकीचे भाऊ आहेत.

१९५६ च्या हिंदू वारसा कायद्याआधीच्या फेरफारात मुलींची नावं बहुधा नसतातच. 'वारस मुलगे दोन' वाचून पणजोबांना मुली नव्हत्या असं वंशावळीत लिहू नका. ही चूक फार घरांत झालेली आहे आणि त्यापायी आत्यांची अख्खी घराणी कागदावरून पुसली गेली आहेत.

दुसरा ताळा तीर्थक्षेत्री मिळतो. अस्थी घेऊन नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, गया इथे गेलेल्यांची नावं तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत आहेत. आलेल्याने स्वतःचं, बापाचं, आजोबांचं, भावांचं, मुलांचं नाव आणि गाव सांगायचं आणि उपाध्यायांनी लिहून घ्यायचं, किंवा स्वतःच्या हाताने लिहायचं. आपल्या गावाचे उपाध्याय कोण हे तिथे विचारत गेलं की कळतं. गाव आणि आडनाव सांगा. मृत्यूनंतर काही दिवसांत किंवा महिन्यांत झालेली ही नोंद मिळाली तर कोतवाल बुकातली तारीख पक्की होते. आणि ज्यांच्या गावची वही वाळवीने खाल्ली त्यांना हाच मोठा आधार.

पलटणीत गेलेल्या माणसाचा शोध वेगळा असतो. पहिल्या-दुसऱ्या महायुद्धात परदेशी मेलेल्या शिपायांची यादी राष्ट्रकुल युद्धस्मशान आयोगाने संगणकावर खुली ठेवली आहे. तिथे काही वेळा बापाचं नाव आणि गावही मिळतं; नावांचं इंग्रजी लेखन विचित्र असतं, म्हणून दोन-चार प्रकारांनी शोधा.

नोंद सापडलीच नाही तर

आधी साल दोन्ही बाजूंनी पाच वर्षं वाढवा. मग शेजारचं गाव, माहेर, मुंबई-पुणे. मग नावाची दुसरी रूपं: विठोबा, विठू, इठू, लक्ष्मी, लखू. आडनाव सोडून शोधा, कारण जुन्या नोंदींत ते अनेकदा नसतंच आणि पुढे शाळेत नाव घालताना धरलेलं असतं. एवढं करूनही काही मिळालं नाही तर कचेरीकडून तसं लेखी घ्या. नोंद आढळत नसल्याचा किंवा अभिलेख जीर्ण असल्याचा कागद पुढे वारसाच्या कामात लागतो, आणि कुळातल्या पुढच्या माणसाचे हेलपाटे वाचतात.

मिळालेलं कसं ठेवायचं

नक्कल हाती आली की मागे पेन्सिलीने लिहा: कोणतं कार्यालय, गाव, साल, पान, अनुक्रमांक, नक्कल मिळाल्याची तारीख. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या फोटोवर हे नसतं आणि तो कुठल्या वहीतला हे दोन वर्षांनी कुणाला सांगता येत नाही. मूळ कागद लॅमिनेट करू नका. प्लास्टिक चिकटलं की ते पुन्हा निघत नाही. वहीत जसं आहे तसं एका ओळीत उतरवा आणि तुमचा अंदाज दुसऱ्या ओळीत, वेगळ्या शाईने. 'ताप' हे वहीतलं, 'बहुधा इन्फ्लुएंझा' हे तुमचं.

कधी 'विहिरीत पडून' असं कारण निघतं, कधी दुसरं घर निघतं, कधी घरात सांगितली जात नव्हती अशी बाई निघते. असं काही हाती लागलं तर कुटुंबाच्या गटावर टाकण्याआधी ज्यांचं ते रक्ताचं नातं आहे त्या वडीलधाऱ्यांना समोर बसून सांगा. त्यांना ते ठाऊक असण्याची शक्यताही मोठी असते, आणि मग वहीत नसलेलं बरंच काही ते स्वतःहून सांगतात.

हे झालं की पुढचा अर्ज लगेच लिहायला घ्या. नमुन्यातल्या घरापुरतं बोलायचं तर तो राणू बिन गोंदा यांच्यासाठी असेल: १९१८ पासून पुढची वीस वर्षं, त्याच मौज्याची वही, आणि सोबत बाळाच्या नावे झालेल्या पहिल्या वारस फेरफाराची नक्कल.